रूमवरचा पहिला स्वयंपाक: संभाजीनगरात नव्यानं आलेल्यांसाठी आठवड्याचा शाकाहारी बेत

गंगाखेडकडच्या एका गावातून मी संभाजीनगरात आलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि मला फक्त चहा करता येत होता. स्पर्धा परीक्षेची तयारी, तिघांत एक खोली, दोन वेळची मेस. मेसचं वरण असं की वाढल्यावरही ताटाच्या बुडावर कोरलेलं नाव स्पष्ट वाचता यायचं. तीन महिन्यांनी पोट आणि खिसा दोघांनीही हात टेकले आणि आम्ही रूमवरच शिजवायला लागलो. एक उदगीरचा, एक अंबाजोगाईचा आणि मी. धड भाकरी तिघांपैकी एकालाही येत नव्हती.

पहिला महिना आम्ही पैन् पै वहीत लिहिली. महिनाअखेरीस बेरीज केली तर भाजीपाल्यापेक्षा वडापाव, भजी आणि पोह्यांचा आकडा मोठा. लायब्ररीतून रात्री साडेआठला यायचं, भूक कडकडून लागलेली, डाळ भिजवलेली नाही, पीठ संपलेलं. मग चपला पायात घालून चौकात. म्हणजे स्वस्त भाजी शोधत चार गल्ल्या फिरण्यात आमचे पैसे वाचणार नव्हते, त्या साडेआठच्या भुकेचा बंदोबस्त करण्यात वाचणार होते. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

1. आधी चूल: गॅस, भांडी, कागदपत्रं

वर्ष-दोन वर्षं राहणार असाल तर 14.2 किलोच्या घरगुती टाकीचं कनेक्शन घ्या. त्यासाठी आधार, इथल्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार चालतो, म्हणून तो करायला मालकाच्या मागे लागा), फोटो आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जवळ ठेवा. पत्त्याचा पुरावा नसेल तर गॅस कंपन्यांची 5 किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते. किलोमागे ती महाग पडते, पण एकट्या माणसाला पहिले काही महिने तेवढी पुरे.

सापळा: काही दुकानांत मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देतात. तो प्रकार बेकायदा आहे आणि खोलीत झोपणाऱ्या माणसासाठी धोक्याचाही. शेगडी जुन्या बाजारातून घेतली तरी नळी नवीन, आयएसआय शिक्क्याचीच घ्या. त्या नळीचं आयुष्य 5 वर्षं धरतात, तारीख तिच्यावरच छापलेली असते.

भांडी एवढीच:

- 3 लिटरचा कुकर
- लोखंडी तवा (नॉनस्टिकवर भाकरीचा नाद करू नका)
- परात, जाड बुडाची कढई, झाकणासह दोन पातेली
- सांडशी, उलथणं, पळी, चाकू, पोळपाट-लाटणं
- मिसळणाचा डबा
- छोटा लोखंडी खलबत्ता
- अर्धा मीटर पांढरं सुती कापड, मटकी बांधायला आणि धपाटे थापायला
- घट्ट झाकणाचे चार डबे

मिक्सर पहिल्या महिन्यात घेऊ नका. लागला तर शेजारच्या रूमवर असतोच, आणि त्या निमित्तानं ओळख होते.

2. रेशनकार्डात नाव असेल तर

हे आम्हाला फार उशिरा कळलं. गावच्या कार्डात तुमचं नाव असेल आणि कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं असेल, तर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. बाकीच्यांचं घरचे गावातच उचलतात. प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. आधार रेशनकार्डाला जोडलेलं हवं, एवढं गावच्या दुकानदाराकडून आधी बघून घ्या.

सापळा: केशरी कार्डवाल्या शेतकरी घरातले असाल तर रांगेत उभं राहू नका. मराठवाड्याचे आठही जिल्हे ज्या 14 जिल्ह्यांत येतात, तिथं अशा कुटुंबांना धान्याऐवजी खात्यात पैसे जमा करायचं ठरलंय. आमचा अंबाजोगाईकर दोन वेळा रांगेत उभा राहून हात हलवत परत आला.

3. मोंढ्यातला महिन्याचा किराणा

पुण्या-मुंबईकडून इथं नोकरीला आलेल्यांसाठी: धान्याच्या बाजाराला मराठवाड्यात मोंढा म्हणतात. कॉलनीतल्या दुकानापेक्षा मोंढ्यात धान्य-डाळ स्वस्त पडते, पण एकट्यानं जाऊन दोन-दोन किलो घेण्यात रिक्षाचेही पैसे निघत नाहीत. तिघा-चौघांनी मिळून महिन्यातून एकदा जा.

एका माणसाचा, दोन वेळा घरी जेवणाऱ्याचा, महिन्याचा माझा हिशोब असा बसला:

- ज्वारी 7 किलो, गहू 2 किलो, तांदूळ 2 किलो (रेशनचं मिळत असेल तर गहू-तांदूळ वजा करा)
- तूरडाळ 1 किलो, हरभरा डाळ 1 किलो, मूगडाळ अर्धा किलो, मटकी अर्धा किलो
- शेंगदाणे 1 किलो, जवस किंवा कारळं 100 ग्रॅम
- मुरमुरे अर्धा किलो
- तेल 1 लिटर
- लाल तिखट 200 ग्रॅम, हळद, जिरे, मोहरी, धणे, मीठ
- चिंच 100 ग्रॅम, गूळ अर्धा किलो

ज्वारी घेताना शाळू मागा, म्हणजे रब्बीची पांढरी, टपोरी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी मोती’ हे वाण किंवा जुनी मालदांडी, दोन्हीची भाकरी मऊ होते. खरिपाची हायब्रीड स्वस्त असते, पण काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते आणि भाकरीही तशीच होते. नवी ज्वारी फाल्गुन-चैत्रात बाजारात येते. तेव्हा गावाकडून पोतं येत असेल तर लाजू नका, आणा. आम्ही पहिल्या वर्षी ‘एसटीत पोतं कोण घेऊन जाणार’ म्हणून विकत घेत बसलो.

तुरीला लातूरकडची डाळ चांगली. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन आहे, पण ती रूमच्या बजेटात बसत नाही. साधी, पॉलिश न केलेली डाळ घ्या. फार चकचकीत, पिवळीधमक दिसली की हात आखडता घ्या. बेसन विकत न घेता हरभरा डाळच गिरणीत दळून आणा. ते ताजं असतं आणि त्यात काय मिसळलंय हा प्रश्नच उरत नाही.

सापळा: भगर. एकादशी-नवरात्रात ती खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याच भागातून येत असतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीला बुरशी धरते. भगरीचं सुटं पीठ घेऊच नका. पाकीटबंद भगर, तारीख बघून, निवडून, धुऊन.

4. चार डबे

माझं सगळं स्वयंपाकघर या चार डब्यांवर चालतं. रविवारी दोन तास द्या. हे भरलेले असले की साडेआठची भूक पंधरा-वीस मिनिटांत भागते.

पहिला डबा, शेंगदाण्याचं कूट. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर, न कंटाळता भाजा. घाई केली की बाहेरून काळे, आतून कच्चे. चोळून सालं पाखडा, खलबत्त्यात जाडसर कुटा. पालेभाजी, वांगं, आमटी, कोशिंबीर, उपवासाची भगर, सगळ्याला हेच.

दुसरा डबा, कोरडी चटणी. जवस कढईत तडतडेपर्यंत भाजा, सुक्या मिरच्या जरा परता, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि मीठ घालून कुटा. कारळ्याचीही अशीच. कुटलेल्या जवसाला काही दिवसांत खवट वास येतो, म्हणून आठवड्यापुरतीच करा. चटणी, भाकरी, वरून कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही याच्यापलीकडे काही केलं नाही.

तिसरा डबा, बेसन. दळून आणलेलं, चाळलेलं. आमच्याकडे पिठल्यालाही बेसनच म्हणतात, त्यामुळे उदगीरकर ‘बेसन कर’ म्हणाला की डबा काढायचा की कढई चढवायची, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागायचं. एकाला तीन चमचे बेसन, दोन वाट्या पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्या. फोडणीत जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद. पाणी उकळलं की कालवलेलं ओता आणि ढवळत राहा. रटरटायला लागलं की झाकण ठेवून पाच मिनिटं. कच्चा वास गेला पाहिजे, नाहीतर पोट फुगतं.

चौथा डबा, येसर. मराठवाड्याबाहेरच्यांना हा शब्दच माहीत नसतो. भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेलं हे पीठ, लग्नघरी पायल्यांनी होतं. प्रमाण घराघरात वेगळं. आमच्या घरचं असं: गहू 1 वाटी, हरभरा डाळ अर्धी वाटी, तांदूळ पाव वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, मिरे आठ-दहा, लवंगा पाच-सहा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन तमालपत्रं, थोडं दगडफूल, सुंठेचा तुकडा, आठ-दहा सुक्या मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, खमंग भाजायचा आणि गार झाल्यावर बारीक दळायचा. गव्हाचा दाणा दातानं फोडला तर कुडकन तुटला पाहिजे. डबा कोरडा असेल तर दोन-तीन महिने येसर हलत नाही.

आमटी करताना एका माणसाला दोन भरलेले चमचे येसर. ते अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवा. तेलात मोहरी, जिरे, भरपूर लसूण, तिखट, हळद. लगेच दोन ग्लास पाणी, मीठ. पाण्याला उकळी फुटली की कालवलेलं येसर धार धरून सोडा आणि दहा मिनिटं उकळू द्या. उकळता उकळता ती दाटते, म्हणून सुरुवातीला पातळ दिसली तरी जास्तीचं येसर टाकू नका. मी पहिल्यांदा कोरडं येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं. आमटीत लाडू झाले. अंबाजोगाईकरानं ते भाकरीबरोबर निमूटपणे खाल्ले, पण पुढची दोन वर्षं मला ऐकवलं.

5. आठवडी बाजार

रविवारी जाफर गेटचा बाजार, गुरुवारी छावणीचा. ज्या भागात राहता तिथं कुठला बाजार कुठल्या वारी भरतो ते शेजारच्या काकूंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. बाजार उठायच्या वेळी गेलं की भाव पडतात, कारण विक्रेत्याला परतीचं ओझं नको असतं. पण त्या वेळी पालेभाजी दिवसभर ऊन खाऊन मान टाकलेली असते. म्हणून कांदे-बटाटे-वांगी उशिरा घ्या, पालेभाजी सकाळी.

सापळा: ढीग. ‘दहाला ढीग’ ऐकलं की हात जातोच. आम्ही एकदा टोमॅटोचे तीन ढीग आणले. बुधवारी खोलीत शिरताच वास आला. एकट्यानं पालेभाजीच्या दोनच जुड्या आणायच्या. त्या रविवार-सोमवारी संपवायच्या. वांगी, गवार, दोडका मंगळवार-बुधवारपर्यंत. त्यानंतर बटाटा आणि कडधान्यं. जे आधी सडतं ते आधी शिजवायचं, एवढंच नियोजन.

पालेभाजी न धुता कागदात गुंडाळून ठेवा, धुवायची ती चिरायच्या आधी. फ्रीज नसेल तर ओलं पोतं घेऊन त्यावर भाज्या पसरा, माठाच्या सावलीला. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. दोडक्याच्या शिरा फेकू नका. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, लसूण, मीठ घालून कुटल्या की झाली चटणी.

हिवाळा म्हणजे चैन. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, सगळं स्वस्त. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ. अंबाडी उकडून पाणी पिळून टाका, त्यात शिजवलेली मूठभर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घोटा. वरून लसणाचं गरम तेल. उन्हाळ्यात भाजी महागते आणि बेचव होते. तेव्हा गावाकडचे सांडगे, पिठलं, आमटी यांवर दिवस काढायचे. एप्रिलमध्ये फ्लॉवर घेऊन आलेल्या उदगीरकराला आम्ही चहा पाजला नव्हता.

6. भाकरी

इथं जरा थांबतो, कारण नव्या माणसाचा धीर इथंच सुटतो. गव्हाच्या कणकेला ताणलं तरी ती तुटत नाही, तसा चिवटपणा ज्वारीत नसतो. तो उकळत्या पाण्यानं आणि तळहातानं आणावा लागतो. मी आईला फोन केला होता.

“माय, पाणी किती घालू?”

“पिठाला लागंल तेवढं.”

“आन् पीठ किती घेऊ?”

“तुला भूक किती हाय?”

शेवटी तिनं विचारलं, पीठ कधीचं आहे. महिन्याचं, म्हणालो. “मग ते विरी गेलंय. त्याची मला सुदिक भाकर व्हायची न्हाई. ताजं दळून आन.” अर्धा प्रश्न तिथंच सुटला. ज्वारीचं दळण आठ-दहा दिवसांपुरतंच आणायचं, दोन-अडीच किलो. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या 12-13 भाकरी होतात.

आता कृती. दोन भाकरींना दीड वाटी पीठ. पाणी खळखळ उकळवा, त्यातलं पाऊण वाटी पिठात ओता, चमच्यानं हलवून पाच मिनिटं झाका. हाताला सोसवेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेनं रगडा, लागेल तसा कोमट पाण्याचा हात घ्या. चांगली पाच मिनिटं. गोळा चोपडा झाला पाहिजे. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा ठेवा, कडेनं बोटांनी आणि मध्ये तळव्यानं थापत फिरवा. कडा फाटायला लागली तर थापणं थांबवून पुन्हा मळा. फाटलेली भाकरी थापून सांधत नाही.

तवा इतका तापलेला हवा की पाण्याचा थेंब त्यावर नाचला पाहिजे. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर. लगेच ओल्या हातानं वर पाणी फिरवा. हे पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळू दिलं तर भेगा पडतात, आणि लगेच उलटली तर भाकरी तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजू द्या, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. फुगली की मनातल्या मनात टाळ्या.

माझी पहिली फुगलेली भाकरी तेराव्या दिवशी झाली. तोवर प्लास्टिकच्या कागदावर लाटून काम भागवा. लाटलेली भाकरीही पोटात गेल्यावर तेच काम करते, कुणी नावं ठेवली तर त्याला थापायला बसवा.

7. बोअरचं पाणी आणि न शिजणारी डाळ

मराठवाड्यातल्या रूमवर नळाचं पाणी रोज येत नाही, हे आल्या दिवशीच कळेल. मग बोअर. बोअरचं पाणी जड असतं आणि त्यात तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाण्यासारखी राहते. डाळीसाठी तेवढं पिण्याचं पाणी वापरा. डाळ अर्धा तास भिजवा, एक वाटी डाळीला अडीच-तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल. चिंच किंवा टोमॅटो डाळ मऊ झाल्याशिवाय घालू नका, आंबटानं ती आणखी अडते. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून वाफ आपोआप जाऊ द्या. त्या वाफेतही डाळ शिजत असते आणि तो गॅस फुकटचा. डाळीच्याच कुकरमध्ये वरच्या भांड्यात तांदूळ लावले की एका कामात दोन.

भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवा, भांड्यांची पहिली खरकटी त्यात निघतात.

8. आठवडा कसा सरतो

रविवारी पालेभाजी, पीठ पेरून किंवा कूट घालून. सोमवारी सकाळी सुशीला: मुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याची फोडणी, हळद, वरून कोथिंबीर. मुरमुरे पाण्यात सोडून फोन घेऊ नका, लगदा होतो. सोमवारी रात्री घट्ट वरण आणि भात, वरण थोडं जास्तीचं. हिवाळ्यात ते वरण मंगळवारी चिंच-गूळ घालून आंबट-गोड होतं, त्यात उरलेला पाला गेला तरी चालतो.

मंगळवारी रात्री झोपताना मटकी भिजवा. बुधवारी सकाळी निथळून कापडात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात, थंडीत गुरुवार सकाळ उजाडते. शंभर ग्रॅम मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते. बुधवारी वांगं-बटाटा, कूट आणि चमचाभर येसर लावून. वांगी चिरल्यावर आत बघा, अळी असेल तर तेवढंच वांगं टाका, बाकीच्यांवर राग काढू नका. गुरुवारी उसळ, आणि थोडी मटकी कच्चीच राखून शुक्रवारी सकाळी कांदा-लिंबू-मुरमुऱ्यात.

शुक्रवारी येसरची आमटी किंवा बेसन. या दिवशी भाजी संपलेली असते आणि ती आणायला जायचंही नसतं. गुरुवार-शुक्रवारीच माणूस चौकाकडे वळतो, हे आमच्या वहीत स्पष्ट दिसत होतं.

शनिवारी चकोल्या. वरण पातळ करून चिंच, गूळ, काळा मसाला घालून उकळत ठेवायचं. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि एकेक तुकडा उकळत्या वरणात सोडायचा. सगळे एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. वरून तूप असेल तर तूप, नसेल तर कच्चं तेल. एकच भांडं, घासायलाही एकच.

प्रवासाला निघायचं असेल तर धपाटे: ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ताक. ओल्या कापडावर थापून तव्यावर तेल सोडून भाजायचे. गंगाखेडला सुट्टीवर जाताना मी हेच न्यायचो, आई म्हणायची घरी येताना डबा आणणारा तूच पहिला.

दही-ताक मात्र खर्च वाचवायला म्हणून बंद करू नका. ज्वारीत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, पण बी-12 हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध-दह्यातूनच मिळतं. अर्धा लिटर दूध घेऊन घरीच विरजण लावा, हिवाळ्यात भांडं शालीत गुंडाळून.

9. उन्हाळा आणि शिळं

एप्रिल-मे इथं 42 अंशांपर्यंत जातो. त्या दोन महिन्यांत वर लिहिलेलं ‘जास्तीचं वरण’ विसरा. सकाळची डाळ दुपारी आंबते. एका वेळेपुरतंच करा, मोड आलेली मटकी त्याच दिवशी संपवा. वास घेऊन शंका आली तर चव घेऊन खात्री करत बसू नका, टाकून द्या. मी अर्धी वाटी उसळ वाचवायला गेलो आणि सलाइनला पैसे मोजले.

भाकरी मात्र उन्हाळ्यातही रात्रीची सकाळी चांगली असते. ताकात कुस्करून मीठ आणि कांदा, किंवा कुस्करा करून कांदा-मिरचीची फोडणी. थंडीच्या दिवसात उरलेल्या भाताला फोडणी द्या, उन्हाळ्यात भात उरवूच नका.

10. भागीदारी

तिघं असाल तर पैशांचा डबा एकच ठेवा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सारखी रक्कम टाका. ज्यानं शिजवलं त्यानं भांडी घासायची नाहीत. पाहुणा आणणाऱ्यानं दळण आणायचं. मीठ कमी म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोडणीवर उभं करायचं. हे नियम आम्ही भिंतीवर खडूनं लिहिले होते, मालकानं रंग देताना पुसले.

या रविवारी बाजाराला जाताना तीन पिशव्या घ्या. कांदे-बटाट्याची एक, पालेभाजीची वेगळी. टोमॅटो तिसऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी गाडीच्या हँडलला न अडकवता हातात धरा.